प्रति: थर्माकोल कापताना मास्क

गरम तारेने थर्माकोल कापताना एन९५ लावला की पुरे असं वर एकांनी लिहिलंय, ते पटलं नाही. तो मास्क कण अडवतो. तापलेल्या थर्माकोलमधून निघणारी स्टायरीनची (थर्माकोल ज्या रसायनापासून बनतो त्याची) वाफ त्यातून सरळ आत येते. तिच्यासाठी कार्बन कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर, म्हणजे वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्या लावलेला मास्कच हवा.

पण तार किती तापवायची यावर कुणीच बोललं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. एकांकिकेच्या नेपथ्यासाठी परळच्या चाळीतल्या खोलीत आम्ही रात्रभर कापत होतो. बाहेर धो धो पाऊस, म्हणून खिडक्या बंद आणि डोक्यावर पंखा फुल्ल. घाईत तार लालबुंद केली. तासाभरात सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले, माझं डोकं भणभणलं. पंख्याने धूर बाहेर जात नव्हता, खोलीतच फिरत होता. पुढच्या वेळी तारेला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज उतरवलं. तार लाल होत नाही, हात सावकाश चालवावा लागतो, पण धूर जवळपास दिसतच नाही. शिवाय टेबलफॅन पाठीमागे ठेवून वारा उघड्या खिडकीकडे काढला. आणि कृपा करून गादीचा मऊ फोम, म्हणजे पॉलियुरेथेन, गरम तारेवर घेऊ नका. त्यातून आयसोसायनेट आणि हायड्रोजन सायनाइड अशी विषारी रसायनं निघू शकतात. त्याला धारदार सुरीच बरी.