पोलिसातल्या भावाला खरं सांगायचं आहे, नाव उघडं न पडता कुठे सांगावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही निपाणी भागातले. धाकटा भाऊ कर्नाटक पोलिसात कॉन्स्टेबल आहे, बेळगाव जिल्ह्यातल्याच एका ठाण्यात. ठाण्याचं नाव लिहीत नाही, समजून घ्या.

तीन महिन्यांमागे गोव्याची दारू घेऊन येणारी गाडी त्यांनी रात्री पकडली. चोर्ला घाटातून हा माल येतो हे इकडच्यांना नवीन नाही. भावाने स्वतः खोकी उतरवली. बेचाळीस होती. सकाळी पंचनाम्यात सव्वीस. सही कर म्हणाले, तर "मोजलीत तेवढी लिहा, लगेच करतो" एवढंच तो बोलला. तेव्हापासून सलग रात्रपाळी आहे. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मागितलेली रजा नामंजूर झाली. गेल्या आठवड्यात ड्यूटीत कसूर केल्याचा मेमो हातात पडला. बदली करून जिल्ह्याच्या पार अथणीच्या टोकाला टाकू, असंही ऐकवलंय. तो जेवतानासुद्धा गप्प असतो. नोकरी लागली तेव्हा वर्दी घालून पहिल्यांदा आजीच्या पाया पडला होता, ते आठवून मलाच रडू येतं.

मी जमेल तेवढं वाचून काढलं. व्हिसलब्लोअर, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणारा, त्याच्या संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो अजून लागूच केलेला नाही. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार उघड करणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांच्या खुनानंतर 2004 मध्ये नाव गुप्त ठेवून तक्रार घेण्याची सोय झाली, ती केंद्राच्या कर्मचाऱ्यांबाबत, राज्याच्या पोलिसाला तिचा उपयोग नाही. पेपरवाल्यांकडे जावं तर पोलिसांच्या हक्कांवर बंधनं घालणारा 1966 चा कायदा आड येतो. उरतं लोकायुक्त. तिथे शपथपत्र लागतं, आणि चौकशी सुरू झाली की तक्रारीची प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाही जाते. म्हणजे खरं बोलणाऱ्याने आधी नाव द्यायचं, संरक्षणाचं पुढे बघू. हे मला पटत नाही. वाट काय आहे?

प्रतिसाद (बेळगावातला वकील):
ताई, आधी मेमोला मुदतीत लेखी उत्तर द्यायला सांगा, पोच घ्यायला लावा. रजेचा अर्ज, नामंजुरी, ड्यूटीचा तक्ता, सगळ्याच्या प्रती घरी ठेवा. सूड म्हणून बदली केली तर राज्य प्रशासकीय न्यायाधिकरणाचं खंडपीठ बेळगावातच आहे, त्यासाठी बेंगळूरला जायला नको.

मूळ प्रकरणाबद्दल. 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे आणि ते लगेच मॅजिस्ट्रेटकडे जायला हवं. त्या रात्रीचं चित्रीकरण झालं का, हा पहिला प्रश्न. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग किमान एक वर्ष जपून ठेवावं असा सुप्रीम कोर्टाचा 2020 चा आदेश आहे. खोकी ठाण्याच्या आवारात उतरवली असतील, तर ती तिथे दिसतील. म्हणून उशीर करू नका.

आणि लोकायुक्त कायद्यात तक्रार कुणीही करू शकतं. ती भावानेच केली पाहिजे असं नाही. चित्रीकरण आणि मुद्देमालाचं रजिस्टर मागवा, अशी विनंती तुम्ही स्वतःच्या नावाने करू शकता. अर्थात आडनाव एकच असेल तर अंदाज बांधला जाईल, ते मी लपवत नाही.

प्रतिसाद (खानापूरकर):
जिल्हा पातळीवरच्या पोलीस तक्रार प्राधिकरणाचाही विचार करा. सुप्रीम कोर्टाच्या 2006 च्या प्रकाश सिंह निकालातून ते आलं. अर्ज मराठीत चालेल का ही भीती इकडे सगळ्यांना असते. घटनेच्या 350 व्या कलमाने राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. तरी सोबत कन्नड प्रत जोडा, काम अडत नाही.

मूळ लेखिका:
तुम्हा दोघांचे मनापासून आभार. लग्नानंतर माझं आडनाव वेगळं आहे, त्यामुळे शपथपत्रावर मी सही करेन. भावाला विचारलं, आधी नको म्हणाला, मग बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "खोकी ठाण्याच्या दारातच उतरवली होती, कॅमेऱ्यासमोर." सोमवारी बेळगावला जाते. कन्नड शपथपत्र नीट लिहून देणारं कुणी तिथे ओळखीचं असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.