मामांच्या सहा पहाटा

खजिनदार, ए-302: नमस्कार. 2024-25 चा हिशोब बंद करालोय. वॉचमनमामांच्या पहाटेच्या भत्त्यात सहा दिवसांचा फरक येतोय. गेटवरच्या वहीत मामांच्या 133 फुल्या आहेत, माझ्याकडं 127 दिवस निघतात. ठरलेलं असं होतं: दर 4 दिवसांनी माळी, दर 6 दिवसांनी जिने धुणं, दर 10 दिवसांनी चेंबर साफ. 1 एप्रिल हा पहिला दिवस धरून मोजायचं. यातलं एक जरी काम असलं तरी मामा पहाटे 5 ला येऊन बोअरची मोटर लावणार. त्या दिवसाचे 60 रुपये. कामं तीन आली तरी भत्ता एकच.

वहिनी, बी-201: मामा उगाच फुली मारणारे नव्हेत वो.

खजिनदार, ए-302: तसं म्हणत नाही वहिनी. चुकून पडल्या असतील असं वाटलं. माझा हिशोब बघा. 365 दिवसांत माळी 91 वेळा, जिने 60, चेंबर 36. बेरीज 187. दोन कामं एकाच दिवशी आली तो दिवस दोनदा मोजला जातो, म्हणून ते दिवस वजा केले: माळी-जिने 30, माळी-चेंबर 18, जिने-चेंबर 12. एकूण 60. राहिले 127.

ए-104: काका, 30 कसे? 4 × 6 = 24, म्हणजे दोघं दर 24 व्या दिवशी एकत्र येणार. 365 भागिले 24, 15 च होतात. तसंच 40 ने 9 आणि 60 ने 6. वजा फक्त 30, उरतात 157.

सर, सी-103: बाळ, 12 एप्रिल घे. 12 ला 4 ने भाग जातो, 6 नेही जातो. त्या दिवशी माळीही होता आणि जिनेही धुतले. तुझ्या हिशोबात त्यांची पहिली गाठ 24 तारखेला पडते. नुसता गुणाकार चालतो तो दोन संख्यांत सामाईक अवयव नसेल तेव्हा. 4 आणि 6 दोन्हीत 2 आहे. इथं लसावि घ्यायचा: 12, 20 आणि 30. खजिनदारांचे 60 बरोबर आहेत.

ए-104: हो सर, आलं लक्षात.

वहिनी, बी-201: मग 127 च झाले की! मामांचीच वही चुकली?

सर, सी-103: नाही वहिनी, वही बरोबर आहे. 30 मे बघा. एप्रिलचे 30 आणि मेचे 30, म्हणजे साठावा दिवस. 60 ला 4, 6 आणि 10 तिघांनीही भाग जातो. म्हणून त्या दिवशी तिन्ही कामं होती. बेरजेत तो दिवस तीनदा आला. मग माळी-जिन्यांच्या जोडीत एकदा वजा झाला, माळी-चेंबरच्या जोडीत एकदा, जिने-चेंबरच्या जोडीत एकदा. तीनदा धरला, तीनदा काढला, हातात शून्य. ज्या पहाटे मामांना सगळ्यात जास्त राबावं लागलं, नेमकी तीच पहाट कागदावर उरली नाही. असे दिवस 365 भागिले 60, म्हणजे 6. ते परत मिळवा: 127 + 6 = 133.

खजिनदार, ए-302: खाली जाऊन वही बघून आलो. 30 मे, 29 जुलै, 27 सप्टेंबर, 26 नोव्हेंबर, 25 जानेवारी, 26 मार्च. सहाही ठिकाणी फुली आहे. 29 जुलैच्या पानावर शाई पसरल्या.

वहिनी, बी-201: पसरणारच! त्या पहाटे आमच्या न्हाणीत खालनं पाणी वर येत होतं. मामा एका हातात छत्री आणि एका हातात बॅटरी घेऊन चेंबरपाशी उभे होते. आम्ही सगळे मोबाईलवर पंचगंगेच्या पुराची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी बघत बसलेलो.

ए-104: सर, मी कागदावर 1 ते 60 लिहून खुणा केल्या. बरोबर 22 दिवस निघाले. 60 नंतर तीच नक्षी पुन्हा सुरू होते. 360 पर्यंत सहा वेळा, म्हणजे 132. उरलेल्या पाच दिवसांत फक्त 364 वा बसतो, 30 मार्च. 133! परीक्षेला हे समावेश-अपवर्जनाचं सूत्र मी पाठ केलंवतं, पण शेवटचं अधिक चिन्ह कशाला ते आज कळलं.

सर, सी-103: शाब्बास. असंच मिळव-वजा-मिळव लीप वर्षातही आहे. 400 वर्षांत 4 ने भाग जाणारी 100, त्यातली शतकाची 4 वजा, 400 ने भाग जाणारं 1 परत, म्हणून 97. 1582 पासून हा नियम आहे. वर्गात मी विचारायचो: राजर्षी शाहू महाराज 26 जून 1874 ला जन्मले, 6 मे 1922 ला गेले, तर त्यांच्या हयातीत 29 फेब्रुवारी किती वेळा आला? पोरं पटकन 12 म्हणायची. 1900 लीप नव्हतं, म्हणून 11. फक्त तिथं 400 चे 100 मध्ये आणि 100 चे 4 मध्ये, डब्यात डबा बसावा तसे बसतात. आपल्याकडं तिन्ही कामं एकमेकांना आडवी जातात, म्हणून जोड्या मोजाव्या लागल्या.

खजिनदार, ए-302: सर, लीपवरनं आठवलं. 2023-24 चा हिशोबही मी असाच काढलावता. त्यात 29 फेब्रुवारी होता, म्हणजे 366 दिवस. 366 ला 6 ने भाग जातो, जिने 61 झाले. मी 128 दिवसांचे पैसे दिलेत.

ए-104: 134 पाहिजेत काका. 91 + 61 + 36 = 188, वजा 60, अधिक 6.

खजिनदार, ए-302: म्हणजे तेव्हाचेही सहाच राहिले. दोन वर्षांचे मिळून 12 दिवस, 720 रुपये. चूक माझी आहे, आणि मामांच्या वहीवर शंका घेतली त्याचं मला फार वाईट वाटतंय. सेक्रेटरीसाहेब, मंजुरी द्या, आत्ताच देऊन येतो.

सेक्रेटरी, बी-301: मंजूर. मीही येतो खाली. मामांची ड्युटी 7 ला संपते, लगेच निघा.