मदत हवी आहे: शॉटगनची काडतुसे घरी भरणे परवडते का?

ओहायोकर:
नमस्कार. रविवारपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा असल्यामुळे थेट विचारतो. आमच्या क्लबातील एक ज्येष्ठ सभासद घर आवरत आहेत आणि काडतुसे भरण्याचे आपले यंत्र, मेक कंपनीचे ६०० ज्युनिअर, मला १५० डॉलरला देऊ करत आहेत. सोबत झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांची दोन पोती आणि बंदुकीच्या दारूची अर्धी भरलेली एक बरणी आहे. मी दर शनिवारी स्कीट, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवरची नेमबाजी, खेळतो. काडतुसांचे भाव असे चढले आहेत की घरात दर महिन्याला हिशेब मागितला जातो. घरी भरल्याने खरोखर पैसे वाचतात का, एवढेच सांगावे. ‘छंद म्हणून करून पाहा’ असे उत्तर कृपया देऊ नये.

मोजूनमापून:
वाचत नाहीत. माझ्या गावातील भाव देतो. २५ पौंड छर्‍यांची पिशवी ५५ डॉलरला मिळते आणि एक औंसाच्या हिशेबाने तिच्यात ४०० काडतुसे होतात, म्हणजे एकामागे सुमारे १४ सेंट. प्रायमरचे (दारू पेटवणारी टोपी) ८, दारूचे ८ आणि वॅडचे (दारू व छर्रे यांमधले बूच) ३ सेंट धरले, तर २५ काडतुसांच्या पेटीला सव्वाआठ डॉलर लागतात. तीच तयार पेटी दुकानात साडेनऊला मिळते. सव्वा डॉलरसाठी संध्याकाळ घालवण्यापेक्षा चार मित्रांनी मिळून घाऊक खरेदी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

रानवाटा:
हा हिशेब अपुरा आहे. मी अकरा वर्षे भरतो आहे आणि माझा खांदा त्यामुळेच टिकला आहे. पाऊण किंवा सात-अष्टमांश औंसाचे हलके, कमी धक्क्याचे काडतूस दुकानात हवे तेव्हा मिळत नाही, घरी मात्र ते करता येते. छर्रे कमी लागत असल्याने खर्चही उतरतो. ओहायोकर, यंत्र घेऊन टाका. दीडशेला ते स्वस्तच आहे.

ओहायोकर:
खांद्याचा प्रश्न मी विचारलेला नाही. सव्वा डॉलरच वाचणार असेल तर विषय संपला.

सुनीती_डेट्रॉइट:
विषय संपलेला नाही, कारण आपण मुख्य गोष्ट सांगितलेलीच नाही. बंदूक कोणत्या गेजची, म्हणजे नळीच्या कोणत्या मापाची आहे (गेजचा आकडा मोठा, तितकी नळी बारीक)? वरील दोघांनीही ती १२ गेजची असल्याचे गृहीत धरले आहे. महिन्याला किती पेट्या लागतात? आणि आपण व्हिसावर आहात की ग्रीन कार्डावर? हा प्रश्न आगाऊ वाटेल, पण एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असणार्‍यांना अमेरिकी संघीय कायद्याने बंदूक आणि दारूगोळा बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. कायद्याच्या व्याख्येत रिकाम्या पुंगळ्या, प्रायमर आणि दारू हे सुटे घटकही दारूगोळाच ठरतात. वैध शिकार-परवाना जवळ असणे, यासारखे मोजके अपवाद आहेत.

ओहायोकर:
ग्रीन कार्ड आहे. बंदूक २८ गेजची आहे. दर शनिवारी दोन फेर्‍या, म्हणजे महिन्याला आठ पेट्या. गेज सांगायला हवे होते हे मान्य करतो. माझ्या डोळ्यांसमोर तीच बंदूक असते, त्यामुळे सुचले नाही. पेटी १७ डॉलरला पडते.

सुनीती_डेट्रॉइट:
मग उत्तर उलटे आहे. २८ गेजमध्ये पाऊण औंस छर्रे जातात, म्हणून त्याच पिशवीत ५३३ काडतुसे होतात आणि दारूही कमी लागते. मोजूनमापून यांचेच भाव धरले, तर पेटी सात डॉलरच्या आसपास बसते. दर पेटीमागे दहा डॉलर वाचले, तर यंत्राची किंमत पंधरा पेट्यांत, म्हणजे दोन महिन्यांच्या आत निघते. माल कमी लागूनही लहान गेजची काडतुसे महाग असतात, कारण त्यांचा खप १२ गेजच्या मानाने फार थोडा आहे. ४१० या आणखी बारीक नळीच्या काडतुसांची गोष्टही तशीच आहे.

मोजूनमापून:
२८ गेजचा हिशेब मला मान्य आहे. मात्र दारू आणि प्रायमर घरपोच मागवल्यास धोकादायक मालाचे वेगळे शुल्क लागते, ते यात धरलेले नाही.

रानवाटा:
म्हणून ते क्लबातील चौघांनी एकत्र मागवावे. माझी तासाला चार पेट्यांची गती आहे आणि हिवाळ्यात तळघरात ते काम शांतपणे होते.

सुनीती_डेट्रॉइट:
शांतपणेच करावे, कारण घाईने काय होते ते मी पाहिले आहे. दुसर्‍याच हिवाळ्यात एका काडतुसाचा बार नेहमीसारखा न होता नुसता ‘फुस्स’ आवाज आला. मी बंदूक उघडली, काडतूस काढले आणि नळी उजेडाकडे धरली. पलीकडचे आकाश दिसायला हवे होते, तिथे वॅडचा पांढरा तुकडा बुचासारखा बसलेला होता. भरताना दारू यंत्राच्या नळकांड्यात अडकून राहिली आणि पुंगळीत जेमतेम चिमूटभर पडली, हे माझ्या लक्षात आले नव्हते. तशीच पुढची गोळी झाडली असती, तर नळी फुटली असती. तेव्हापासून मी प्रत्येक पुंगळीत डोकावल्याशिवाय वॅड बसवत नाही, आणि दर पेटीला एकदा दारू काट्यावर तोलते.

बाराबोरी:
मी भोर तालुक्यातून लिहितो आहे. आमच्याकडे वडिलांच्या वेळची बारा बोरची बंदूक आहे आणि रानडुकरांमुळे पीकसंरक्षणाचा परवाना आहे. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसे आम्ही वापरतो. आजोबा ठासणीच्या बंदुकीत दारू स्वतः भरत असत, तर मलाही काडतुसे घरी भरता येतील का?

सुनीती_डेट्रॉइट:
दादा, कृपया तसे करू नका. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करण्यास स्वतंत्र परवाना लागतो, बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही. अमेरिकेत स्वतःपुरते भरण्यास संघीय परवाना लागत नाही, एवढाच फरक आहे. विक्रीसाठी भरायचे झाल्यास इथेही तो लागतो.

ओहायोकर:
आभारी आहे. आज संध्याकाळी जाऊन यंत्र घेतो. बरणीतील दारूपासूनच सुरुवात करू का? तिच्यावर चिठ्ठी नाही, पण यंत्र देणार्‍या सभासदांच्या मते ती रेड डॉट या नावाने मिळणारी दारू आहे.

रानवाटा:
त्या बरणीला हात लावू नका. याबाबतीत माझा आणि सुनीतीताईंचा मतभेद नाही. दारू मूळ सीलबंद डब्यातीलच हवी. पुंगळी, प्रायमर, वॅड आणि दारू यांचा मेळ उत्पादकाच्या तक्त्यात असेल तोच घ्यावा. त्यातील एक जरी घटक बदलला तरी दाब बदलतो. शिशाचे छर्रे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, त्या टेबलावर चहासुद्धा ठेवू नये.

मोजूनमापून:
आणि एक साधा प्रश्न राहून गेला आहे. ते यंत्र कोणत्या गेजचे आहे? ६०० ज्युनिअर एका वेळी एकाच गेजसाठी बसवलेले असते.

ओहायोकर:
आत्ताच फोन केला. यंत्र १२ गेजचे आहे आणि पोत्यांतील पुंगळ्याही १२ च्याच आहेत. बरे झाले विचारलेत. त्यांना नकार कळवला आहे. २८ गेजचे जुने यंत्र कुणाकडे विकाऊ असल्यास इथे कळवावे. तोपर्यंत येत्या शनिवारपासून माझ्या रिकाम्या पुंगळ्या डब्यात न टाकता पिशवीत भरून घरी आणतो.