किल्लारी: नशीब की माळवद?

सोयाबीनवाला
आमच्या वडिलांना गावात अजून 'नशीबवान' म्हणतात. 29 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून यायला उशीर झाला, दाराला आतून कडी. आजीची झोप कशाला मोडा, म्हणून ते पारावरच आडवे झाले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला आणि माळवद, म्हणजे घरावरचं मातीचं छत, खाली बसलं. आत आजी, काका, दोन चुलतभाऊ.

मला त्या शब्दाचा राग येतो. भूकंप 6.2 चा होता, पण माणसं घरांनी मारली. आमच्या भिंती दोन-दोन हात रुंद, दगड नुसत्या मातीत बसवलेले. वर लाकडं आणि त्यावर पांढरी माती. गळायला लागलं की पावसाळ्याआधी आणखी एक थर टाकायचा. जुना कोण काढतो? पणजोबांपासूनचं ओझं डोक्यावर घेऊन झोपायचो आणि पाहुण्यांना सांगायचो, उन्हाळ्यात किती गार आहे बघा!

माळकरी
भाऊ, राग समजतो. पण मला एक सांगा, कडी कुणी लावली? आमच्या गावात एकाच माळवदाखालून नवरा गेला आणि बायको धान्याच्या कणगीच्या आडोशाला जिती निघाली. माती दोघांवर सारखीच पडली ना? त्या रात्री कोण कुठं पथारी टाकणार हे तुमचा दगड ठरवतो का? वेळ यावी लागते, एवढंच आम्ही म्हणतो.

ओळंबा
मी बांधकामातला आहे, म्हणून थोडं रुक्ष लिहितो. ज्या घरांत माळवदाचं वजन लाकडी खांबांवर, म्हणजे खणांवर होतं, तिथं बऱ्याच ठिकाणी भिंती पडल्या तरी वरचं तोललं गेलं. जिथं तुळया सरळ दगडी भिंतीवर टेकवल्या होत्या, तिथं भिंत सुटली की सगळंच खाली. 1989 साली सॅन फ्रान्सिस्कोजवळ 6.9 चा भूकंप झाला, किल्लारीपेक्षा बराच मोठा. तिथं मेले 63. इथं हजारो. तिकडच्या लोकांच्या पत्रिका काय वेगळ्या होत्या?

माळकरी
साहेब, त्याच दिवसाचं अर्धंच सांगताय. तिथं संध्याकाळी बेसबॉलचा मोठा सामना होता, लोक लवकर घरी गेले, म्हणून रस्ते नेहमीपेक्षा मोकळे होते. नाहीतर 63 वर भागलं असतं का? याला काय म्हणायचं, इंजिनिअरिंग?

ओळंबा
हे कबूल, सामना नसता तर आकडा वाढला असता. पण त्या 63 पैकी 42 जण एकाच दुमजली रस्त्याखाली गेले. तिथंही वरचं खालच्यावर बसलं. (आणि तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देतो. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. लोकांनी कशाच्या भरवशावर वेगळं बांधायचं?)

कुडाचं घर
दोघंही वाड्यातलं बोलताय राव. आमची वस्ती गावाबाहेर. कुडाच्या भिंती, वर पाचट आणि दोन पत्रे. ज्यांना दगडी घर बांधायची ऐपत नव्हती ते धूळ झटकून उभे राहिले. आदल्या दिवसापर्यंत आमच्या आईला वाटायचं, माळवदाच्या घरात राहणारे नशीबवान. सकाळी त्याच घरांचे दगड उचलायला आमचा बाप सगळ्यात आधी गेला. ज्या वसरीवर त्याला कुणी बसू दिलं नव्हतं, ती हातानं उपसली. यात नशीब कुणाचं आणि करणी कुणाची, तुम्हीच ठरवा.

माळकरी
यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण आईला वाटत होतं ते नशीब पालटलं, हेही तुम्हीच लिहिलंत.

सोयाबीनवाला
माळकरी काका, कडीचं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आदल्या साली, 1992 च्या पावसाळ्यापासूनच आमच्याकडं हादरे बसत होते. ऑक्टोबरात एक मोठा बसला, तेव्हा आजीनं सगळ्यांना अंगणात झोपवलं. नंतर काही झालं नाही आणि थंडी वाढली. पोरं खोकायला लागली, तशा बाजा आत गेल्या.

आता नव्या गावात स्लॅबचं घर आहे. वडील अजून बाहेर पत्र्याखाली झोपतात. कुणी 'नशीबवान' म्हटलं की एवढंच बोलतात, "बाजा मीच आत नेल्या होत्या."