‘इन्स्टंट ग्रॅटिफिकेशन’ला मराठीत काय म्हणावं? चटक, चाळा, गोडी

एका लेखाचं भाषांतर करते आहे. लगेच मिळणाऱ्या सुखाच्या मागे धावणं सोडून टिकणारा आनंद कसा शोधावा, हा विषय. ‘इन्स्टंट ग्रॅटिफिकेशन’पाशी दोन दिवस अडले आहे. ‘तात्काळ समाधान’ लिहिलं आणि खोडलं. ‘क्षणिक सुख’ प्रवचनातलं वाटतं. रोजच्या बोलण्यातला शब्द सुचेल का कुणाला?

---

खोडलंत ते बरं झालं. शुद्धलेखनाच्या दृष्टीने ‘तत्काळ’ हवं, ‘तात्’ येतो तो ‘तात्कालिक’मध्ये. पण खरी अडचण ‘समाधान’ची आहे. सम्, आ आणि धा, म्हणजे नीट एका जागी ठेवणं. ‘समाधी’ही त्याच धातूपासून आलेला. विस्कटलेलं काहीतरी हळूहळू जागेवर बसतं तेव्हा आपण समाधान म्हणतो. त्याला ‘तत्काळ’ जोडलं की दोन्ही शब्द एकमेकांशी भांडतात.

‘क्षणिक’ मला वेगळ्या कारणाने पटत नाही. मोबाइलवर एकामागून एक चित्रफिती बघताना दोन तास जातात. दोन तास म्हणजे क्षण नव्हे. तिथे जे घडतं त्याला मराठीत सरळ शब्द आहे: चटक. कानाला शेजारी ‘चटकन’ आणि ‘चटका’ ऐकू येतात, म्हणून ‘लगेच’पणाही वेगळा सांगावा लागत नाही. आणि इच्छाच उरलेली नसताना हात नुसता स्क्रीनवर फिरत राहतो, तो चाळा. लेखात हे दोन्ही शब्द वेगवेगळे वापरता आले तर जरूर वापरा.

चटकेसमोर मी ‘गोडी’ ठेवेन. दोन्ही ‘लागतात’, म्हणून सारखे वाटतात. पण ‘अवीट गोडी’ म्हणून बघा आणि मग ‘अवीट चटक’ म्हणून बघा. दुसरं जिभेवर येतच नाही. अवीट म्हणजे ज्याचा वीट येत नाही ते. तुमच्या लेखातल्या ‘टिकणाऱ्या आनंदा’ला भाषेने हा शब्द आधीच देऊन ठेवला आहे. चटकेचं उलट आहे: वीट आला तरी ती सुटत नाही. ‘कंटाळा आलाय, तरी बघतोय’ हे वाक्य आपण सगळेच बोलतो.

हा भेद नुसता शब्दांचा नाही. मिशिगन विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांनी ‘हवं असणं’ आणि ‘आवडणं’ या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचं दाखवलं. उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन हे संदेशवाहक रसायन जवळजवळ नाहीसं केलं तेव्हा ते आपणहून अन्नाकडे जाईनासे झाले. पण गोड थेंब जिभेवर ठेवला की आवडल्याच्या खुणा चेहऱ्यावर तशाच उमटत. म्हणजे डोपामिन ओढ लावतं, आस्वाद त्याच्यावर अवलंबून नाही. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा चटक आणि गोडीच आठवल्या.

---

‘श्रेयस’ आणि ‘प्रेयस’ ही जोडी वापरू का? कठोपनिषदातली?

---

यम नचिकेताला सांगतो ती. जोडी देखणी आहे, पण त्यात ‘हितकर’ एकीकडे आणि ‘प्रिय’ दुसरीकडे पडतं. तुमच्या लेखाला तर आनंदच हवा आहे, त्याग नव्हे. त्यापेक्षा गीतेचा अठरावा अध्याय जवळचा. तिथे दोन्हींना सुखच म्हटलं आहे, फरक क्रमाचा: एक आरंभी विषासारखं आणि शेवटी अमृतासारखं, दुसरं नेमकं उलट. शिवाय पहिल्याबद्दल ‘अभ्यासाद्रमते’ म्हटलंय, म्हणजे सरावाने माणूस त्यात रमतो.

हे मी बासरी शिकताना अनुभवलं. सुरुवातीला कित्येक आठवडे नुसती फुंकर, सूर नाहीच. जवळ ठेवलेला फोन सारखा खुणावायचा. मग तो दुसऱ्या खोलीत ठेवायला लागलो. हात बसल्यावर कधीतरी एक सूर स्वच्छ लागला आणि त्या दिवशी फोन आणायला उठलोच नाही. चटक सुटली म्हणून गोडी लागली असं झालं नाही. गोडी लागत गेली तशी चटक सैल होत गेली. म्हणून लेखात ‘मुक्त होणे’ऐवजी ‘सुटत जाणे’ लिहाल का? मराठीत नाद तुटत नाही, सुटतो.

---

‘सुटत जाणे’ घेतलं. शेवटच्या परिच्छेदात ‘पोटभर आनंद’ अशा अर्थाचं एक ठिकाण आहे. ‘तृप्ती’ लिहू?

---

तृप्ती चालेल. पण संतांच्या मराठीत ‘धणी’ आहे, म्हणजे मन भरणं. ‘धणीवरी’ म्हणजे मन भरेपर्यंत. आता कुणी वापरत नाही, वाचकाला अर्थ सांगावा लागेल. तरी एकदा लिहून बघा. ‘धनी’ छापलं जाणार नाही याची मात्र काळजी घ्या.