मदत हवी आहे : हरितेत फुलाचा जीन कशाला?

चिरेबंदी
नमस्कार. डिचोलीजवळ अकरावीला जीवशास्त्र शिकवते. मध्यंतरी पाऊस जरा उघडला म्हणून मुलांना कुंपणापाशी नेलं. चिऱ्यांवर हरितेची गादी पसरली आहे (हरिता म्हणजे मॉस; मुलं शेवाळच म्हणतात, दुरुस्त करून थकले). भिंगातून केसासारखे तांबूस दांडे आणि टोकाची बोंडं दिसली, सगळे खूश. बोलण्याच्या भरात मी सांगून बसले, की लीफी नावाचा जीन बिघडला तर फुलाच्या जागी पानांचे फुटवेच येत राहतात, आणि हा जीन हरितेतही आहे. मागून एकीने विचारलं, "टीचर, हिला फूल येतच नाही, मग तो हिच्यात करतो काय?"

उद्या सांगते म्हटलं. त्याला चार दिवस झाले. कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

रानवाट
मुलगी हुशार आहे. फिस्कोमिट्रेला नावाच्या हरितेत या जीनच्या दोन प्रती असतात. २००५ साली जपानी संशोधकांनी दोन्ही निकामी केल्या, तर फलन झालेली अंडपेशी सहसा पुढे विभागेचना. म्हणजे त्याच पेशीतून वाढणारे तुमचे ते दांडे आणि बोंडं जवळजवळ आलीच नसती. जीन जुनाच, बारसं तेवढं फुलझाडात झालं.

चिरेबंदी
वा! पण मग तो फुलाकडे वळला कसा?

रानवाट
लीफीचं प्रथिन डीएनएवरची ठरावीक खूण ओळखून तिथे बसतं आणि दुसरे जीन चालू करतं. हरितेतली खूण वेगळी, फुलझाडातली वेगळी. हॉर्नवर्ट या हरितेसारख्याच बिनफुलाच्या वनस्पतीचं प्रथिन मात्र दोन्हीकडे बसू शकतं. म्हणजे जुनी खूण न सोडता नवी ओळखणं शक्य आहे. मधला टप्पा हवा असेल तर नेचं घ्या : सेराटॉप्टेरिसमध्ये शेंड्याची पेशी विभागत राहावी यासाठी लीफी लागतो. तिथेही फुलाचा पत्ता नाही.

पाणकावळा
मॅड्स जीनही सांगा, मुलांना आवडेल. पाकळी कुठे, पुंकेसर कुठे हे फुलात तेच ठरवतात. हरितेत त्यांच्याकडे दोन कामं : शुक्रपेशीच्या शेपट्या हलत्या ठेवणं आणि पानांमधल्या फटींतून पाणी वर चढू देणं (२०१८ चं संशोधन). शुक्रपेशीला अंडपेशीपर्यंत पोहतच जावं लागतं ना. आंबा-काजूत तिला परागनलिका नेऊन सोडते, तिथे पोहणं संपलं आणि जीन दुसऱ्या कामाला लागले. भिंत ओली असतानाच हे दाखवा.

चिरेबंदी
दोघांचेही आभार. मी 'फुलाचा जीन' म्हटलं तिथेच घोळ झाला, उद्या आधी ते मागे घेते. ओल्या भिंतीचं मात्र जमायचं नाही. चवथ आली म्हणून काल कुणीतरी ती तारेच्या ब्रशने घासून चुना मारला. मागच्या विहिरीचा कठडा अजून हिरवा आहे, तिकडेच नेते.