हवानाच्या रस्त्यांवरील जुन्या अमेरिकन मोटारी

प्रश्न: १९५०च्या दशकातील शेवरले, ब्यूक, प्लिमथ या मोटारी क्युबाच्या राजधानीत, हवानात, आजही टॅक्सी म्हणून धावतात, सुटे भाग मिळत नसताना हे कसे साधले असावे?

उत्तर १: १९५९च्या क्रांतीनंतर अमेरिकेने घातलेल्या निर्बंधांमुळे तिथून नव्या मोटारी येणे थांबले, शिवाय २०११पर्यंत क्रांतीपूर्वीच्या मोटारींचीच मुक्त खरेदी-विक्री करता येत असे, म्हणून लोकांनी त्या जिवापाड जपल्या. हौसेपेक्षा नाइलाजच अधिक.

उत्तर २: बाहेरून झळाळणाऱ्या या गाडीचे बॉनेट उघडल्यास आत अनेकदा दुसऱ्याच गाडीचे डिझेल इंजिन आढळते, आणि काही भाग तर कारागिरांनी स्वतःच घडवलेले असतात.

प्रश्नकर्ता: म्हणजे मूळचा राहतो तो केवळ पत्रा!

उत्तर ३: तोही पुष्कळदा ठिगळांचा. गोलसर आकारामुळे स्थानिक लोक अशा गाडीला ‘आल्मेंद्रोन’, म्हणजे मोठा बदाम, म्हणतात.